शुक्रवारचा शब्द

शाळेत माझ्या वर्गात असलेल्या प्रकाशचा फोन बँकेत आला तेव्हा मी कुणाच्या तरी मुदतठेवीच्या पावतीवर सही करत होते. नाशिकच्या आमच्या शाखेत बाहेरचा फोन एकच, तोही मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर, आणि खाजगी कामासाठी तो वापरलेला त्यांना खपत नाही. त्यामुळे रिसीव्हर घेतला तो जरा अपराध्यासारखाच. पलीकडे आमची भिवंडी होती. मागे लूम, म्हणजे यंत्रमाग, चालू असले की आमच्या गावची माणसं फोनवर ओरडतात, आणि बंद असले तरी सवयीने ओरडतातच. पण प्रकाश त्या दिवशी ओरडला नाही. "नंदा, भालेराव बाई गेल्या," तो म्हणाला आणि थांबला... मग म्हणाला, "परवा मी डबा घेऊन गेलो होतो. मला म्हणाल्या, तुझ्या बायकोला विचार, ती वांग्यात मीठ घालते की मिठात वांगं." मला हसू आलं. चांगलं मोठ्याने आलं. साहेबांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "काय, गोड बातमी वाटतं?" मी म्हटलं, "नाही साहेब, आमच्या बाई वारल्या." त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बघूनही मी का हसले ते त्यांना आजतागायत समजावून सांगितलेलं नाही. आता या लेखातून जमलं तर बघते.

दोन वाक्यांत मरण सांगायची ही पद्धत आमची, म्हणजे भालेराव बाईंच्या इंग्रजीच्या वर्गात बसलेल्यांची. पहिलं वाक्य मरणाचं. ते सरळ, गुळमुळीतपणा न करता बोलायचं. पण त्याच्यावर थांबायचं नाही, लगेच दुसरं बोलायचं, आणि ते त्या माणसाच्या जगण्यातलं हवं. ही पद्धत बाईंनी माझ्यामुळे सुरू केली. बाई गेल्याला आता काही आठवडे झाले, म्हणून ती कशी सुरू झाली ते लिहून ठेवावंसं वाटतं.

आमची शाळा नारपोलीकडची, मराठी माध्यमाची. वर्गाच्या मागच्या भिंतीला लागून लूमचा कारखाना होता. भिंत नावापुरती. तिच्यावर हात ठेवला की तळहाताला गुदगुल्या व्हायच्या. खटाक-खटाक, खटाक-खटाक... सकाळी प्रार्थनेला सुरू व्हायचं ते 'वंदे मातरम्'पर्यंत. त्या आवाजात बाकीचे शिक्षक शिकवत आणि घसा बसवून घेत. भालेराव बाई बुटक्या, कृश, आवाज मुळात बारीक. त्या तालुक्यातल्याच, पडघ्याकडच्या बौद्ध कुटुंबातल्या. वडील पोस्टात होते आणि घरात इंग्रजी शिकलेली पहिली मुलगी म्हणजे बाईच. नोकरीला लागल्यावर पहिल्याच वर्षी त्यांनी ओळखलं की या खोलीत काही शब्द ओरडून शिकवता येतात आणि काही येत नाहीत. 'टेबल', 'रिव्हर', 'मार्केट' हे आम्ही सोमवार ते गुरुवार घसा फाडून म्हणायचो. पण 'व्हिस्पर' म्हणजे कुजबुजणे हा शब्द साठ पोरांना किंचाळून समजावायचा म्हणजे चेष्टाच. म्हणून हळू बोलायचे शब्द बाई शुक्रवारसाठी मागे ठेवत. शुक्रवारी कारखान्यांना सुट्टी. अख्खी भिवंडी त्या दिवशी कान चोळत उठायची. भिंत गप्प, गल्ली गप्प, आणि बाईंचा तो बारीक आवाज शेवटच्या बाकापर्यंत स्वच्छ जायचा. 'मर्सी', 'ग्रीफ', 'लोनली', 'फरगिव्ह'... हे आमचे शुक्रवारचे शब्द. शब्द शिकला की प्रत्येकाने त्याचं एक वाक्य करायचं, आणि ते स्वतःच्या घरातलं. पुस्तकातल्या जॉनचं किंवा मेरीचं चालायचं नाही. "जॉनला त्याच्या घरी राहू दे, तुझ्या घरी ये," बाई म्हणत.

माझे बाबा, नामदेव जॉबर, त्याच गल्लीत पुढे एका कारखान्यात होते. जॉबर म्हणजे लूम दुरुस्त करणारा, बिघडलं की ज्याला हाका मारायच्या तो. मी आठवीत असताना एका संध्याकाळी पाळी बदलायच्या वेळी दोन कामगारांची कारखान्याच्या दारात जुंपली. कशावरून, ते पुढे दहा जणांनी दहा तऱ्हांनी सांगितलं. त्यातल्या एकाने घरूनच सुरा आणला होता. बाबा सोडवायला मध्ये पडले आणि तो सुरा बाबांना लागला. हॉस्पिटलात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मारणारा पकडला गेला, खटला झाला, शिक्षा झाली. त्याबद्दल मला इथे काही लिहायचं नाही.

मला लिहायचंय ते त्यानंतरच्या शांततेबद्दल. आमच्या गल्लीने ठरवलं की या पोरीच्या कानावर तो शब्द पडता कामा नये. असं कुणी सभा घेऊन ठरवत नाही, पण ठरलं. 'खून' तर नाहीच, आणि 'मर्डर' त्याहूनही नाही. खरं तर आमच्याकडे 'मर्डर' हा काही परका शब्द नव्हता. कोपऱ्यावरच्या पानवाल्यापासून क्रिकेट खेळणाऱ्या पोरांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी तो दिवसातून दहादा. बोलरला सिक्स मारला तर 'मर्डर', गणिताचा पेपर अवघड गेला तर 'मर्डर', शिंप्याने शर्ट बिघडवला तर त्याने कापडाचा मर्डर केला. तो एकाएकी गल्लीतून नाहीसा झाला. एकदा प्रकाशच्या तोंडून खेळता खेळता निसटला, "मर्डर केला रे बोलरचा!" आणि मी दुधाची किटली घेऊन तिथूनच चालले होते. चहावाले यासीनचाचा हातातलं गाळणं टाकून धावले आणि त्यांनी प्रकाशच्या पाठीत धपाटा घातला. "देखता नहीं, बच्ची आ रही है? वो लफ्ज़ मत निकाल!" प्रकाश रडवेला झाला, खेळ मोडला, सगळी पोरं माझ्याकडे बघत बाजूला झाली. चाचांनी मला बोलावून फुकट बिस्किट दिलं. ते बिस्किट खाताना वाटलं तितकं एकटं मला पुढे कधीच वाटलं नाही. त्यांच्या प्रेमात काही खोट नव्हती, हे तेव्हाही कळत होतं. पण मी आले की रस्ता गप्प होतो, हेही कळत होतं. आणि शाळेच्या कचेरीत नव्या फॉर्मवर वडिलांच्या नावापुढे कारकुनाने लिहिलं, 'एक्सपायर्ड'. मलाही तेच बरं पडलं. कुणी विचारलं की मी म्हणायचे, "एक्सपायर झाले." विचारणारा पुढे विचारत नसे. घरीही तसंच. आई फक्त "ते झालं तेव्हापासून" एवढंच म्हणायची, आणि बाबांचा विषय तिथेच मिटायचा. मरणाबरोबर बाबांचं जगणंही आम्ही बोलण्यातून काढून टाकलं होतं. माझी भीती तीच होती. रात्री अंथरुणात मी बाबांचा आवाज आठवायचा प्रयत्न करायचे आणि तो दिवसेंदिवस कमी ऐकू यायचा.

अशात इंग्रजीच्या पुस्तकातला एक धडा आला. त्यात कुठल्याशा सरदाराचा विश्वासघाताने खून होतो. शुक्रवार होता. बाई वाचत होत्या, भिंत गप्प होती, आणि आम्हा सगळ्यांना पुढच्या ओळीतला तो शब्द आधीच दिसत होता. आणि बाईंनी ती ओळ गाळली. सरळ खालच्या परिच्छेदावर गेल्या. प्रकाशने, तो माझ्या पुढच्या बाकावर, मागे वळून न बघण्यासाठी मान इतकी ताठ धरली की मला त्याची दया आली. बाईही शेवटी यासीनचाचाच निघाल्या, असं काहीसं माझ्या मनात आलं असणार. मी दप्तर आवरलं आणि घरी गेले.

पुढच्या शुक्रवारी बाई आल्या, हजेरी झाली, आणि पुस्तक न उघडता त्या म्हणाल्या, "मागच्या वेळी मी एक ओळ गाळली. ते चुकलं. मला वाटलं नंदाला त्रास होईल. पण तिला विचारलं नाही." मग फळ्याकडे न वळता माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "आज तो शब्द घेऊ का? तू नको म्हणालीस तर नाही घेणार." इतक्या दिवसांत कुणी तरी पहिल्यांदा मला काही विचारलं होतं. माझ्या तोंडून "घ्या" निघालं ते मलाच ऐकू आलं नसेल. पण शुक्रवार होता, बाईंना ऐकू गेलं.

तो तास मला अजून जसाच्या तसा आठवतो. बाईंनी फळ्यावर चार शब्द लिहिले, 'डाय', 'किल', 'मर्डर', आणि जरा बाजूला 'एक्सपायर'. म्हणाल्या, 'डाय'ला एकच जण पुरतो, मरणारा. 'किल'ला मारणारा लागतो, पण तो माणूसच असला पाहिजे असं नाही. ट्रक किल करतो, काविळीची साथ किल करते, तारेचा शॉक किल करतो. 'मर्डर' मात्र फक्त माणूसच करू शकतो, आणि तोही ठरवून. ट्रकने मर्डर केला असं इंग्रजीत म्हणता येत नाही. "म्हणून हा शब्द जड आहे. त्याच्यात कुणाचा तरी हात आहे. क्रिकेटमध्ये म्हणता ना तुम्ही? इंग्रजही म्हणतात. गाणं वाईट म्हटलं की गाण्याचा मर्डर केला म्हणतात, भयंकर उकाड्यालाही म्हणतात. म्हणा, मी कोण अडवणार. फक्त शब्दाचं खरं वजन माहीत असू द्या, मग हलका वापरायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा." मग त्या चौथ्या शब्दाकडे वळल्या. औषधाची बाटली एक्सपायर होते, एस.टी.चा पास होतो, लायसन होतं. माणसालाही लावतात, चूक नाही, सभ्यपणा म्हणून लावतात. "पण नंदा," त्या म्हणाल्या, "तुझे बाबा काही औषधाची बाटली नव्हते. त्यांची मुदत संपली नव्हती." वर्गात कुणीतरी हुंदका दिला. मला वाटतं प्रकाशने. तो अजून नाही म्हणतो.

मी मात्र रडले नाही. मला शंका आली होती. मी उभी राहून विचारलं, "बाई, त्याला दुसऱ्याला मारायचं होतं. बाबा मध्ये आले. मग ठरवून कुठे झालं? मग ते किल होतं की मर्डर?" बाई म्हणाल्या, "मला माहीत नाही. विचारून येते." दुसरं कुणी असतं तर खाली बस म्हणालं असतं. बाई त्या आठवड्यात शाळा सुटल्यावर भिवंडीच्या कोर्टात गेल्या, झाडाखाली टाइपरायटरांच्या गर्दीत उभ्या राहून एका ओळखीच्या वकिलाला त्यांनी गाठलं, आणि पुढच्या शुक्रवारी वर्गात येऊन पहिलं वाक्य हेच म्हणाल्या, "एकाला ठार मारायला काढलेला सुरा दुसऱ्याला लागला, तरी कायद्यात तो खूनच. नंदा, तुझ्या घरात जे झालं त्याला मर्डर म्हणतात." ऐकून मला दुःख व्हायला हवं होतं. झालं काय, तर पायाखाली जमीन लागली. जे झालं त्याला नाव होतं, ते नाव जड होतं, आणि ते उचलायला मला कुणीतरी दिलं होतं. मराठीतला शब्द माझ्या तोंडात येतच नव्हता, तो फार घरचा होता. इंग्रजीतला थोडा लांबचा, तो धरता आला. मी वाक्य केलं, "माय फादर वॉज मर्डर्ड." आणि खाली बसायला लागले. "थांब," बाई म्हणाल्या. "इथे फुलस्टॉप दिलास, पण वाक्यं संपली नाहीत. हा शब्द फार हावरा आहे. याला शेवटचा ठेवला तर आधीचं सगळं खाऊन टाकतो. दुसरं वाक्य दे, तुझ्या बाबांचं." मी मोडक्या इंग्रजीत सांगितलं, की माझे बाबा नुसत्या आवाजावरून ओळखायचे, आता कुठला लूम बंद पडणार ते. व्याकरण बाईंनी दुरुस्त केलं. साठ पोरांनी ते दुसरं वाक्य तीन वेळा म्हटलं. हळू.

हे आईच्या कानावर जायला वेळ लागला नाही. कुणीतरी तिला सांगितलं की शाळेत तुझ्या पोरीला उभं करून मर्डर-मर्डर म्हणायला लावतात. आई तशीच उठली, कामाच्या ओल्या हातांनी. मी तिच्यामागे धावले तर मला दारातून परत ढकललं. "तू घरी ऱ्हा. त्या बाईला आज बघतेच मी. माझ्या पोरीचा तमाशा मांडते व्हय?" आमची आई भांडायला निघाली की गल्लीतली माणसं वाट देत, तिचा लौकिकच तसा होता. बाई राहत होत्या कामतघरला, एका खोलीत, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि खाली पुस्तकांची ट्रंक. आई गेली ती दिवेलागणीला परत आली. तिथे काय झालं ते ती बोलली नाही. मी विचारलंही, दोनदा. तिने भाकऱ्या थापल्या, मला वाढलं, आणि माझं जेवण निम्मं झाल्यावर एकदम म्हणाली, "काय त्ये इंग्रजीतलं, बोल." मी घाबरत पहिलं वाक्य म्हटलं. तिला अर्थ सांगावा लागला नाही, तो शब्द तिला येत होताच. तिने डोळे मिटले. मग विचारलं, "आन् म्होरलं?" पुढचंही वाक्य आहे हे तिला कसं ठाऊक, हा प्रश्न मला तेव्हा पडलाच नाही. मी आवाजाचं आणि लुमांचं वाक्य मराठीत सांगितलं. आई हसली. ते झाल्यानंतर पहिल्यांदा हसली. "व्हय, कान व्हता त्यांना. आन् शिटी बी मारायचे. घरी आले की जिन्यातूनच, मला कळावं म्हून. त्ये बी लिव." त्या रात्री आई बोलत राहिली, आणि मला बाबांची शीळ पुन्हा ऐकू आली.

पुढे बारावी, मग कल्याणला कॉलेज, मग बँकेची परीक्षा. मुलाखतीला तिघे बसले होते. मधल्याने फॉर्म चाळत विचारलं, "फादर?" मी दोन्ही वाक्यं म्हटली, एका दमात. त्यांनी मान वर केली. मला वाटलं आता 'सॉरी' म्हणतील आणि सगळे गप्प होतील, ती शांतता मला पाठ होती. पण ते म्हणाले, "हाऊ कुड ही टेल?" आवाजावरून कसं कळायचं? मग मुलाखत संपेपर्यंत आम्ही लूमबद्दलच बोललो. धोटा कसा अडखळतो, पट्टा ढिला झाला की ठोका कसा मागे पडतो. बाबांकडून ऐकलेलं सगळं मला येत होतं, आणि ते मी अनोळखी माणसांसमोर इंग्रजीत बोलत होते. नोकरी लागली. पेढे घेऊन बाईंकडे गेले तर त्यांनी एक खाल्ला आणि म्हणाल्या, "'धोट्या'ला काय म्हणालीस?" मी म्हटलं, "शटल." "उच्चार नीट केलास ना?" झालं, कौतुक संपलं.

वर्गात ती पद्धत मात्र राहिली. कुणाची आजी वारली, कुणाचा भाऊ तापाने गेला, कारखान्यात शॉक लागून कुणाचे काका गेले, की त्या मुलाने शुक्रवारी उभं राहून दोन वाक्यं म्हणायची. म्हणायची नसतील तर नाही, बाई आधी विचारत. प्रकाश आता त्याच शाळेत शिकवतो, त्याच खोलीत. बाईंच्या शेवटच्या आजारपणात डबा त्याच्याच घरून जायचा. जलदान विधीच्या दिवशी बाईंच्या खोलीत माणूस मावत नव्हता. भन्तेजींची वंदना झाली आणि मग एकेक जण उठून बोलला. बाहेरच्या पाहुण्यांना नवल वाटलं असेल, की हे लोक एवढं थोडं का बोलतात आणि मध्येच हसतात का. यासीनचाचाही आले होते, काठी टेकत. त्यांनीही दोनच वाक्यं म्हटली. "बाई चली गईं. उधारी पर चाय कभी नहीं पी." माझी पाळी आली तेव्हा मला पहिलं वाक्य म्हणता आलं. दुसरं... इतकी गर्दी झाली मनात की एकही निवडता येईना. मी तशीच खाली बसले. बाईंनी खपवून घेतलं नसतं.

तिथून गल्लीतल्या आमच्या घरी आले तर आई ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. गुडघ्यांमुळे ती येऊ शकली नव्हती. मी सवयीने मोठ्या आवाजात कोण कोण आलं होतं ते सांगू लागले, तर म्हणाली, "हळू बोल की. आज शुक्रवार हाय." खरंच, लूम बंद होते, मला भानच नव्हतं. मी तिला सांगितलं, की मला दुसरं वाक्य सुचलंच नाही. आई निवडायची थांबली. सुपातले खडे एका बोटाने बाजूला सारत बसली. इतक्या वर्षांत तिने बाबांचं नाव कधी घेतलेलं मी ऐकलं नव्हतं, आधी रीत म्हणून आणि नंतर ते झालं म्हणून. मग आमच्या वर्गात एक दिवसही न बसलेली माझी आई, माझ्याकडे न बघता, हळू आवाजात म्हणाली, "बाई गेल्या. मी भांडायला गेल्ते, तर तिनं मला च्या दिला आन् इचारलं, नामदेव कसा व्हता, सांगा."